मेनूच्या पुढं न जाणारी डीव्हीडी

एका दुपारी शेंगा फोडता फोडता माझ्या नातीनं विचारलं, "आजी, आजोबा कसे बोलायचे गं?"

नात सात वर्षांची. ती जन्मायच्या आधीच आमचे मालक गेले. मला नकला करायची खोड लहानपणापासूनची, त्यामुळं मी लगेच गळा खाकरला, कमरेवर हात ठेवला आणि ह्यांच्या आवाजात म्हणाले, "आवं पावणं, जरा डावीकडं सरका, नवरी दिसंना!"

नात खिदळली. माझी लेक आत भाजी चिरत होती. ती तिथूनच म्हणाली, "आई, बाबा असं नव्हते बोलत. हा तर आपला दूधवाला झाला."

मी तिच्याशी भांडले. मग पुन्हा करून बघितलं. दूधवालाच. तिसऱ्या खेपेला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. शब्द सगळे होते, आवाजच नव्हता. बत्तीस वर्षं ज्या माणसाशी रोज भांडले, त्याचा आवाज माझ्या कानातून कधी उठून गेला ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचा तर धंदाच शूटिंगचा, तुमच्या घरात आवाजाला काय तोटा? तेच तर सांगायचं आहे.

उंब्रजला हायवेच्या कडेला आमचा छोटा गाळा होता. हे लग्नाचं शूटिंग करायचे आणि मी मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे कॅसेटवरचं सगळं कॉम्प्युटरात घ्यायचं, नको ते कापायचं, गाणी घालायची आणि तीन तासांची फिल्म करून डीव्हीडीवर उतरवायची. आधी हे काम आम्ही कराडला पाठवत असू. घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. बसवायला आलेल्या माणसाकडून चार दिवसांत जेवढं उचलता आलं तेवढं उचललं आणि पाचव्या दिवसापासून मी सगळ्या तालुक्याला शहाणपण शिकवायला लागले.

काय तो तोरा! गळ्यात चष्म्याची दोरी, कानाला हेडफोन, आणि कुणी गाळ्यात आलं की मुद्दाम हात वर करून थांबवायचं. "रेंडर चाललंय." रेंडर म्हणजे कॉम्प्युटर काम करतो आणि माणसानं नुसतं बसायचं. पण मी असा चेहरा करायची की जणू आत ऑपरेशन चाललंय आणि पेशंट माझ्या हातात आहे. एका फिल्ममध्ये मी पत्त्यांत असतात तसले एकोणीस बदाम घातले होते. नवरानवरी बदामात, मामामामी बदामात, आहेराची कुकरची खोकीसुद्धा बदामात. एका जोडप्याला बर्फाच्या डोंगरावर उभं केलं आणि पाठीमागचं कापताना नवरदेवाचा फेटाच कापला गेला. बिचारा बोडक्यानं बर्फात. त्याच्या चुलत्यांनी विचारलं तर मी म्हणाले, "ही नवी फॅशन आहे."

ह्यांची मात्र मला एक मोठी अडचण व्हायची. हे शूटिंग करताना अखंड बोलायचे. "मामी, पदर सावरा. करवली, तू तोंड मिट. आहेर देताना इकडं बघा, माझ्याकडं न्हवं, ह्या काचंकडं बघा." सगळं कॅमेऱ्याला अगदी चिकटून, त्यामुळं कॅसेटवर भटजींपेक्षा ह्यांचाच आवाज मोठा. मी चिडायची.

"तुमच्या तोंडाला काही झाकण?"

"मी गप ऱ्हायलो तर माणसं पुतळ्यावानी हुबी ऱ्हात्यात. तूच मग म्हणशील, शूटिंग मेलेलं हाय."

"माझी फिल्म खराब होते."

"तुझी फिल्म," असं म्हणून हे हसायचे आणि चहा सांगायला जायचे.

पहिली काही लग्नं मी ह्यांचं एकेक वाक्य शोधून कापलं. नंतर कंटाळा आला. मग सोपी युक्ती काढली. कॅसेट आत घेतली की पहिलं काम मूळ आवाज बंद करायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वर गाणी पसरायची. गिऱ्हाइकालाही तेच आवडायचं. सगळीकडं तशीच पद्धत होती. मंगलाष्टकासुद्धा मी तयार सीडीवरच्या घालायची, कारण आमच्याकडचे भटजी बेसूर. शूटिंगच्या कॅसेट पुढच्या लग्नाला परत वापरायच्या, चित्रावर रेघा येईपर्यंत. कॉम्प्युटरातली जागा भरली की जुनं लग्न पुसायचं तेव्हा नवं मावायचं. म्हणजे हे कॅमेऱ्याच्या मागं असल्यामुळं चित्रात कुठं नाहीत, आणि मी मिक्सिंगला असल्यामुळं आवाजात कुठं नाहीत. हे गेले तेव्हा घरात बटणांचा फोन होता. त्यात फक्त नंबर होते.

दूधवाल्याच्या प्रसंगानंतर मी माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. प्रत्येक लग्नाची एक डीव्हीडी मी स्वतःसाठी ठेवायची, माझ्या कलेचा नमुना म्हणून. लेकीनं जुना प्लेअर पुसून टीव्हीला लावला. तीन दुपारी आम्ही तेच करत बसलो. निम्म्या डीव्हीडी प्लेअर आत घेऊन नुसत्याच घरघरवायचा आणि बाहेर ढकलायचा. त्यांच्यावर मी हौसेनं फोटोचे स्टिकर चिकटवले होते, ते फुगले होते. ज्या लागल्या त्यांत गाणं, त्यापुढं गाणं, त्यापुढं आणखी गाणं. एका ठिकाणी बायका तोंड उघडून हसत होत्या, उघडच कॅमेऱ्याच्या मागून कुणीतरी काहीतरी बोललं होतं म्हणून, आणि वरून माझी सनई चाललेली. मला वाटलं हात घालून ती सनई उचलावी आणि खाली काय आहे ते बघावं. पण डीव्हीडीत खाली काही राहत नाही. मिसळलं की मिसळलं.

चौथ्या दिवशी भांडी घासताना मला एक बिघडलेली डीव्हीडी आठवली.

डीव्हीडी लावली की आधी मेनू यायचा. मागं तेच तेच फिरत राहणारं हलतं चित्र आणि त्यावर चार बटणं. साखरपुडा, हळद, लग्न, वरात. रिमोटनं बटण निवडलं की तो भाग सुरू. हा मेनू म्हणजे माझा अभिमान आणि माझी फजिती. कधी नावं इतकी कडेला लिहायची की टीव्हीवर नवरीचं आडनावच कापलं जायचं. कधी बटणांचे चौकोन एकमेकांवर चढायचे. एका घरी हळदीचं बटण दाबलं की वरात निघायची. ते लोक सोशिक, त्यांनी वर्षभर वरातीचं बटण दाबून हळद बघितली.

ती बिघडलेली डीव्हीडी होती उंब्रजच्या मुलीची, कवठे महांकाळला दिलेल्या. बटणं त्या त्या भागाला जोडत असताना लाइट गेली. तेव्हा भारनियमन रोजचंच, पण त्या दिवशी ती वेळेआधी गेली. परत आल्यावर कॉम्प्युटर म्हणाला, फायली सापडत नाहीत. मी एकेक शोधून परत जोडल्या. फायली जोडल्या, पण बटणांच्या गाठी सुटल्या होत्या ते बघितलंच नाही. मेनूच्या मागं घालायचं वीस सेकंदांचं चित्रही गेलं होतं. घाईत मी ते सरळ कॅसेटवरून नवं उचललं, हळदीतलं, आणि आवाज बंद करायला विसरले. वर आणखी एक शहाणपण. लोक रिमोटची नको ती बटणं दाबतात म्हणून मी रिमोटच्या बाकीच्या कळांना कुलूप घालून ठेवायची. झालं. मेनू दिसला, मी खूश, डीव्हीडी दिली.

आठच दिवसांत नवरदेवाची आई आणि नवी सून, दोघी एसटीनं आल्या. पिशवीत डीव्हीडी, साडीच्या घडीत गुंडाळलेली.

"बाई, ह्यात लगीनच न्हाई," सासू म्हणाली.

"नाही म्हणजे? झालं नव्हतं का?" मी हेडफोन न काढता म्हणाले.

"झालं की! ही काय सून हुबी हाय. पर तुमच्या तबकडीत आमची म्हातारी हसती, परत हसती, अन् परत हसती. सगळी भावकी बोलावली हुती. च्या झाला, पोहं झालं, म्हातारी हसतीयाच!"

"तुमचा प्लेअर साधा असेल. आमची डीव्हीडी भारी असते, ती साध्या प्लेअरला झेपत नाही."

हे मी त्या माउलीला तोंडावर सांगितलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. सून खाली मान घालून उभी. तेवढ्यात हे बाहेरून आले, कसला प्लेअर अन् काय म्हणून त्यांनी डीव्हीडी गाळ्यातल्या टीव्हीला लावली. मेनू आला. मागं त्या घरची म्हातारी आजी, नवरदेवाची आजी, हळदीच्या वाटीशी बसलेली. आणि ह्यांचा आवाज.

हे वाकून टीव्हीला कान लावायला लागले. एवढ्या वर्षांत आमच्या फिल्ममध्ये स्वतःचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. दुसऱ्या फेरीला म्हणाले, "आयला, माझा आवाज बरा हाय की गं."

"बंद करा ते," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे की हे आत. म्हातारी काय ग्वाड हसलीया बघ."

मी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी नवी डीव्हीडी केली, बटणं जोडलेली, मेनूला सनई, म्हातारीच्या तोंडावरून गुलाबाच्या पाकळ्या. त्या दोघींना सांगितलं, जुनी टाकून द्या. माफी मागितल्याचं काही आठवत नाही. मागितली असती तर आठवली असती, कारण मी तेव्हा कुणाची मागायचीच नाही.

त्यानंतर तीन लगीनसराया गेल्या. चौथीच्या तोंडावर एका सकाळी ह्यांनी कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, छातीत कळ येतीया म्हणाले आणि पलंगावर टेकले ते टेकलेच. बॅटऱ्यांचे दिवे हिरवे झाले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं.

तर भांडी तशीच टाकून मी उठले. कवठे महांकाळला दिलेल्या त्या मुलीच्या भावाचं उंब्रजातच खताचं दुकान आहे. त्याच्याकडून नंबर घेऊन मी फोन केला. ओळख द्यायला जरा कचरले, पण ती लगेच म्हणाली, "काकू, ती बिघडलेली व्हय? हाय की! चांगली हुती ती मामांजींनी द्राक्षाच्या बागंत टांगली, पाखरं येऊ नयेत म्हणून. ही ठिवलीया. आज्जी गेल्या न्हवं, त्यांच्या तिथीला लावतो आमी. नुसती हसत्यात, लय बरं वाटतं."

मी फोन ठेवला. माझी एकोणीस बदामांची कला पाखरं हाकत होती आणि माझी चूक देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती.

लेकीला घेऊन निघाले. कराडला एसटी बदलली, सांगलीला बदलली. सांगलीच्या स्टँडवर लेक म्हणाली, "आई, लागली नाही तर?" मी तिला शेंगदाण्याची पुडी दिली आणि खा म्हणाले. इतक्या लांब येऊन आपण काय मागणार, तर वीस सेकंद.

घर रस्त्यालाच होतं. सून आता पस्तिशीची, भरलेली. सासू दारातच खुर्ची टाकून बसलेली, गुडघ्यांना पट्टे. मला बघून म्हणाली, "आलात व्हय? आमचा प्लेअर साधाच हाय हं अजून."

मी वाकून नमस्कार केला. "मावशी, त्या वेळी मी मूर्ख होते."

"ते आमाला तवाच कळलं हुतं. बसा."

सुनेनं देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातून डीव्हीडी काढली. माझ्याच अक्षरात वर 'शुभविवाह'. प्लेअर घरघरला. मी साडीचा पदर मुठीत धरून बसले. मग चित्र आलं. चार बटणं आणि हळदीच्या वाटीशी बसलेली आजी.

आजी कॅमेऱ्याकडं बघत म्हणाली, "हे टीव्हीत येईल का रं बाबा?"

आणि कॅमेऱ्याच्या मागून एक माणूस म्हणाला, "बोला आजी, बिनधास्त बोला. आमची बसलीया कातर घेऊन. कापती सगळं!"

आजी म्हणाली, "मग सांगते. नवरदेवाला हळद लावू नगासा, त्यो आधीच भिऊन पिवळा पडलाय. ही पोरगी त्याला उद्या सकाळपतोर ठिवती का बघा!" बायका फुटल्या, आजी पदरात तोंड घालून हसायला लागली, तो माणूसही हसायला लागला, आणि हसता हसता मध्येच खाट्कन तुटलं. "हे टीव्हीत येईल का रं बाबा?"

खरं सांगते, पहिल्या फेरीला मला तो आवाज ओळखूच आला नाही. मी मनाशी भरदार आवाज धरून बसले होते. हा बारीक होता, जरा नाकातला, आणि तरुण. मी लेकीकडं बघितलं. तिचे डोळे भरून वाहत होते. तिनं मान हलवली, हो म्हणून. दुसऱ्या फेरीला 'कापती सगळं' म्हणताना शेवटी आवाज जरा वर चढला, तसा हे माझी चेष्टा करताना चढवायचे, आणि मग मात्र ओळख पटली.

"तिसऱ्यांदाही चालू राहू दे," मी म्हणाले. सून टीव्ही बंद करायला उठली होती, ती थांबली. लेकीनं मोबाइल टीव्हीपुढं धरला. नेमकी त्याच वेळी आत कुकरची शिट्टी झाली, आणि सासूनं सुनेला विचारलं, "पावण्यांला च्यात साखर चालती का इचार."

मला ते स्वच्छ पाहिजे होतं. जुनी मिक्सिंगवाली जागी झाली. "अजून एकदा," मी म्हणाले, "फक्त एकदा. कुणी बोलू नका."

चौथ्या फेरीत 'बिनधास्त'वर आजीच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले. आवाज खरखरला, चित्र गोठलं, मग निळा पडदा. डीव्हीडी बाहेर काढली, मऊ फडक्यानं मधून कडेकडं पुसली, परत लावली. दोनदा. दहादा. प्लेअर घरघरायचा आणि बाहेर ढकलायचा. मी ती ट्यूबलाइटसमोर धरली. आरपार टाचणीएवढी भोकं दिसली, कडेचा पापुद्रा सुटलेला. हे मला कळतं. ही आता लागणार नव्हती, कुठंच.

वर्षातून एकदा लावली असती तर त्यांची आजी आणखी काही वर्षं हसली असती. मी एका दुपारीत चार वेळा लावून संपवली.

"मावशी..." मी म्हणाले.

सासूनं हात हलवला. "असू द्या. तबकडीच ती." पण तिनं तोंड फिरवलं होतं आणि पदरानं नाक पुसत होती. मोबाइलवरचं तेवढं लेकीनं सुनेला लगेच पाठवलं. तिनं लावून बघितलं. छोट्या पडद्यावर म्हातारी बोटाएवढी दिसत होती. सून म्हणाली, "चालंल काकू." ते चालण्यासारखं नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. चहा झाला. साखर जास्त होती.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, शिट्टी काढून टाकते. आणि ते आजींचं नवरदेवाबद्दलचं. पोरीला ऐकवायचंय ना, ते कसं ऐकवणार?"

"हात लावू नको."

"अगं, पण वात्रट आहे ते."

"असू दे वात्रट. माझ्या हातनं कापायचं तेवढं कापून झालंय."

मग नातीला मांडीवर घेतलं आणि लावलं. कुकरची शिट्टी, चहातली साखर, आजी, आजोबा. नात कान देऊन ऐकत होती. पिवळा पडलेला नवरदेव तिला काही कळला नाही, पण सगळे हसायला लागल्यावर तीही हसली. हसणं मध्येच तुटलं तशी ती थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली.

"पुढं?"

कॅसेटवर पुढं होतं. हे नक्कीच आणखी हसले असतील, काहीतरी बोलले असतील. वीस सेकंद झाली म्हणून तिथं कातर मी लावली होती. ती कॅसेट पुढच्या आठवड्यात दुसऱ्या लग्नाला गेली.

"पुढं काही नाही," मी म्हणाले. "परत पहिल्यापासून."

तिनं बोटानं परत लावलं. तेव्हापासून एक झालं आहे. आधी मला ह्यांचा आवाज आठवत नव्हता, पण बोलणी हजार आठवायची. आता आवाज आठवतो, आणि मी काहीही आठवायला गेले तरी त्या आवाजात ते एवढंच म्हणतात की आमची बसलीया कातर घेऊन.